फाटकांचं स्टिअरिंग

वारज्याच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन पेन्शनर बसले होते. एकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा ट्रक होता.

"देवधर, या ट्रकचं स्टिअरिंग माझं आहे."

"काहीतरीच काय, फाटक! मी स्वतः जोडलंय."

"जोडलं तुम्ही, सुचलं मला. टपावरची चकती फिरवली की पुढची चाकं वळतात. ही रचना माझ्या खोलीबाहेर गेलेली नाही. घरी येऊन गेलात?"

"तुम्ही बोलावता कुठे कुणाला?"

"मग कुणी दाखवली?"

"मंदाकिनीवहिनींनी फोटो पाठवला."

"हिने? माझ्यामागे?"

"तुमचा ट्रक डावीकडे वळेना, म्हणून महिनाभर तुम्ही जेवतानासुद्धा बोलत नाही म्हणे. मला म्हणाल्या, तुम्हाला जमतंय का बघा."

"आणि जमलं?"

"तुमचं दातेरी चाक मोठं आहे. डावीकडे वळताना दांडीला अडकतं. मी लहान बसवलं."

"खोटं."

"फिरवून बघा की."

बराच वेळ नुसती करकर ऐकू आली.

"हा घेऊन निघालात कुठे?"

"तुमच्याकडेच."

"मी घरी नसताना?"

"फाटक, तुम्ही माझ्या शेजारी बसला आहात."

"हं. पुढच्या स्टॉपला उतरायचंय. तसलं लहान चाक माझ्याकडे नाही."

"मी एक जास्तीचं आणलंय."