वाढत्या अंगाचे पॅड

...नाही पण मी म्हणतो, तो काय पायजमा आहे का, यंदा दुमडून घातला, पुढच्या वर्षी उसवून खाली सोडला? पण आमच्या घरी ऐकतंय कोण! आमच्या सौ. सरलाबाईंचं एकच, "वाढत्या अंगाचं घ्या!"

तुम्हाला सांगतो, आमची नात चिऊ, वय वर्षं नऊ, राहणार देवास, जिथे बर्फ भेटतो तो फक्त उसाच्या रसात, आणि ही पोरगी इंदूरच्या मॉलात बर्फावरची हॉकी शिकते! त्यातही गोलकीपर! का, तर बाकी सगळ्यांना गोल मारायचेत, अडवायचे कुणालाच नाहीत. दर रविवारी मी तिला बसनं नेतो, मे महिन्यात, हातात स्वेटर घेऊन! लोक बघतात हो... बघू देत. तर तिचे कोच, विपुल सर, म्हणाले, "दादाजी, संडे को मॅच है, चिऊ के पॅड ले आना. बस, घुटना पॅड के घुटने में बैठना चाहिए." आणि हे पॅड क्रिकेटचे नव्हेत हां! घोट्यापासून मांडीपर्यंत पायाला बांधलेली गादीच ती!

मी चिऊला स्केट घालून उभं केलं, टेप लावली, चोवीस इंच. दुकानात फोन केला, तोच सरलानं फोन ओढला, "तीस द्या!" दुकानदार बिचारा म्हणतो, "माताजी, तीस तो बडों का होता है." "मग? ती काय लहानच राहणार आहे? वाढत्या अंगाचं द्या!"

मी स्वतःच वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढलेला, कुठल्या तोंडानं बोलू? माझ्या मुंजीचं सोवळं बगलेपर्यंत गुंडाळलेलं! शाळेचे बूट पुढे कापूस कोंबून घातले, बरोबर बसायला लागले तेव्हा तळ गेले होते! आणि लग्नातला कोट... अहो, सव्विसाव्या वर्षी! सासरे म्हणाले, "जावईबापूंचं अंग भरेल अजून." अजून भरतंय!

रविवार आला. चिऊ गोलात उभी राहिली आणि पहिल्याच फटक्याला आडवी झाली... आणि उठेचना! मान तेवढी हलत होती. विपुल सर धावत आले, "दादाजी, इसका घुटना कहाँ है?" आता मी काय सांगू, आत खाली कुठेतरी असेल! सहा गोल झाले. सर हळूच म्हणाले, "अगले संडे भी यही पॅड रहे, तो दूसरे बच्चे को खडा करना पडेगा."

परतताना चिऊ खिडकीबाहेर बघत होती. देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "आजोबा, मी खूप ट्राय केला, पण पायच नाही उठले. सर मला हटवतील का?" सोवळ्यात अडकून पडलेला मी आठवलो मला.

दुसऱ्या दिवशी बँकेचं काम सांगून निघालो, इंदूर गाठलं, चोवीस इंच आणले. जन्मात पहिल्यांदा या घरात मापाची वस्तू आली, तीसुद्धा चोरून! आणि पुढच्या रविवारी, सरलाही आली होती बघायला, चिऊ बसायची, उठायची, सरकायची... एक गोल गेला फक्त, एक! सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या? सरलानं! मग कानाशी येऊन म्हणाली, "पॅड बदललेत, कळतं मला. आता त्या मोठ्या पॅडचं काय करायचं?"

त्यांचं काय करायचं ते चिऊनं ठरवलं. म्हणे, गोल मारणारा काय विचार करतो ते कळायला पाहिजे, म्हणून ती मारणार. आणि अडवणार कोण? कुणालाच अडवायचं नसतं, सांगितलं ना मघाशी! तर आता रोज संध्याकाळी गच्चीवर, दोन कुंड्यांच्या मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, ते तीस इंची पॅड बांधून, मी!

पण खरं सांगू? पहिल्या दिवशी पट्टे बांधले, खाली बघितलं... गुडघा बरोबर पॅडच्या गुडघ्यात! अहो, सबंध जन्मात मला मापात बसलेली ही पहिली वस्तू! डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. सरला आली, वाकून पट्टे चाचपले, चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली,

"अगदीच अंगाबरोबर झाले हो... एक नंबर मोठे घ्यायला हवे होते."