स्केटिंगवालीचा फ्लेक्स

आमच्या तेलगावच्या रेखाचं सांगतो. शेजारचीच पोरगी. बर्फावरच्या स्केटिंगमधी पदक घेऊन आली, तवा मी पुढाऱ्याला म्हणलं, चौकात एक फ्लेक्स लावा. तो म्हणला, "कबड्डी असती तर लावला असता बे. हे कुणाला कळतंय?"

पुढं धारूरच्या घाटात गाडी पलटली अन् रेखा गेली. दुसऱ्याच दिवशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. वर सात पुढारी, खाली झगमगत्या ड्रेसमधी ती.

चौथ्या दिवशी तिचे वडील, तात्या, चौकात आले. लई वेळ बघून म्हणले, "ही आमची रेखा न्हाई."

फ्लेक्सवाला म्हणला, "दुःखाच्या घरी फोटो कसा मागावा? नेटवरून स्केटिंगवालीचा घेतला."

मी फ्लेक्स काढायला लागलो.

"राहू दे," तात्या म्हणले. "तीन दिवसांत कुणी ओळखलं का?"

मी बी त्याच फोटोला हात जोडून गेलतो.