सोमवार-गुरुवारचा पहिला तास

या, असे जवळ सरकून बसा. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात, जेवणाच्या रांगेत, तिथे उतरलेल्या शांतारामांच्या कानी पडलेली गोष्ट सांगतो. कीर्तनात रमावा तसा हा माणूस भूक विसरून ऐकत राहिला. पुढे उभे होते एका कम्युनिटी कॉलेजचे प्राचार्य राजाभाऊ आणि तिथल्याच शिक्षिका वीणाताई.

"सर, अलकनंदाचं नाव पटावरून काढू नका."

"सोमवार-गुरुवारी पहिला तास हमखास बुडवते. बिल्कुल आळशी."

"मीही तेच म्हणायचे. मग सगळ्यांची हजेरी कंप्यूटरवर चढवली, शेजारी पत्ते घातले. त्या तासाला न येणाऱ्या साऱ्या मुली मुनिरका वस्तीतल्या एकाच गल्लीतल्या निघाल्या."

"अच्छा? ठरवून दांडी मारतात की काय?"

"जाऊन पाहिलं, सर. त्या दोन्ही दिवशी सकाळीच टँकर येतो. मुली पाणी भरत असतात."

"अरे देवा. आणि मी भर वर्गात म्हणालो, मन लावलंस तर सगळे तुझ्यापुढे पाणी भरतील."

"ती हसली होती, सर. खाली बघून."

"हजेरी रोज आपणच मांडत होतो ना, वीणाताई? आणि तिच्यात अख्खी गल्ली दिसत होती?"

"दिसत होती. आपण एकेकीचं नाव वाचत होतो."

"अंगावर काटा आला बघा. तो तास दुपारी घ्या. नाव राहू दे तिचं."

शांतारामांनी नकळत हात जोडले.

"चलो अंकल, आगे बढ़ो," मागून कुणी म्हणालं.

तर मायबापहो, घरचा नळ सोडाल तेव्हा त्या अलकनंदाची आठवण असू द्या.