मातीतला पंजा

ग्रानादात गिटारी घडवणाऱ्या एलादिओ मास्तरांच्या दुकानात, प्रार्थनेहून परतताना नातीसाठी तारा घ्यायला आंगुस्तियास आजी थांबल्या होत्या. त्यांच्यापुढे हासिंतो नावाचा एक तरुण उभा होता.

"मास्तर, लेक गिटार शिकायला जाणार आहे. चांगलीशी द्या."

"पोरीला घेऊन ये. हात बघितल्याशिवाय मी गिटार देत नाही."

"ती आईबरोबर बिल्बाओला असते. म्हणून तिचा पंजा आणलाय."

"ही तर मातीची थाळी!"

"सान होसेच्या सणाला, म्हणजे वडिलांच्या दिवशी, शाळेत केली होती, बापासाठी. बघा, कसा छान उमटलाय."

"वय काय तिचं?"

"नऊ."

"अरे बाबा, हा पाच वर्षांच्या पोरीचा हात आहे."

"हो. तेव्हाच दिली होती."

"मग आईला फोन करून माप विचार की."

"ती उचलत नाही. शिकवणीचंसुद्धा मेव्हण्याकडून कळलं."

"मग अंदाजानं ही धाकटी गिटार ने."

"आणि लहान पडली तर? तिला वाटेल, बापाच्या लेखी मी अजून तेवढीच आहे."

हासिंतो मागे वळला.

"आजी, तुम्हाला नात आहे? केवढी?"

"नऊचीच आहे."

"तिचा हात केवढा असेल हो?"

आजींनी जपमाळ खिशात ठेवली, आपला पंजा पसरला आणि बोटांच्या शेवटच्या पेरावर खूण केली.

"इथवर येतो बघ."

हासिंतोनं थाळी त्या पंजाशेजारी धरली.

"एवढा?"