चार वाजताचा मेल

मी, आजारी मुलाची थोरली बहीण, वय ३२, धंदा शिवणकाम, राहणार भाड्याच्या दोन खोल्यांत, भावासोबत. पोलिसांसमक्ष हजर राहून सांगते की, माझा भाऊ, वय २३, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत वर्षभर नोकरीला आहे. सुटी सहाची, पण साहेब उठल्याशिवाय तिथे कोणी उठत नाही. या आठवड्यात तो घरी अंघोळीपुरता आला. मी बोलले तर म्हणाला, "ताई, डोकं नको खाऊस."

तिथल्या मुलांची आपसात एक रीत आहे. एखाद्याला अगदीच बसवेना, की तो सामानाच्या खोलीत जाऊन आडवा होतो. बाकीचे त्याचा माउस हलवत राहतात, त्याच्या नावाने मेल पाठवतात, फोन आला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणतात. आज मलाही दोनदा तेच ऐकवलं.

पाचच्या सुमारास मी तिथे जाऊन थडकले. त्याची स्क्रीन चालू, खुर्ची रिकामी. मी आवाज चढवल्यावर एका मुलाने सामानाची खोली दाखवली. भाऊ जमिनीवर होता. तोंड वाकडं झालेलं, हाकेला ओ नाही. अंगावर कोणीतरी जाकीट घातलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, उशिरा दिलं तर त्यानेच जीव जाऊ शकतो. "हा शेवटचा धड कधी होता?" सोबत आलेल्या साहेबांनी फोन पुढे केला. "चार वाजता त्याचा मेल आलाय मला. हा बघा." डॉक्टरांनी इंजेक्शन आणायला सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारी मुलगी, तीही आमच्यासोबत आली होती, पुढे आली. "डॉक्टर, थांबा. तो मेल मी पाठवला. तो अकरालाच डोकं दुखतंय म्हणून उठून गेला. जेवणाच्या सुटीत मी डोकावले, वाटलं गाढ झोपलाय. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला." साहेब तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

इंजेक्शन दिलं नाही. आता शिरेतून तार घालून गाठ काढायचा प्रयत्न चालू आहे. वाचेल का, कोणी सांगत नाही.

साहेबांविरुद्ध माझी तक्रार आहे. मुलीविरुद्ध आहे का, असं विचारलं. तिच्यावर मी हात उगारला होता, अजूनही राग गेलेला नाही. पण ती गप्प बसली असती तर तिची नोकरी राहिली असती. तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

मजकूर मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. सही करण्याआधी एवढं जोडून घ्यावं. ती मुलगी जबाबासाठी बाहेर बाकावर थांबली आहे. तिचा डोळा लागलाय, दमली असेल, झोपू द्या थोडं, असं हवालदार म्हणाले. माझं म्हणणं आहे, तिला आत्ता हलवून उठवा.