सोमवारपुरती उसनी पोरं

दाढ ठणकत होती म्हणून नाल्यापलीकडच्या शाळेच्या मोठ्या बाई गालाला रुमाल गुंडाळून दवाखान्यात बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन जावा बोलत होत्या.

"ताई, पेपरात आलंय. पोरं कमी असतील त्या सरकारी शाळा बंद करणार. सोमवारी साहेब डोकी मोजायला येतायत."

"आपली टेकडीवरची पण?"

"आपलीच आधी. अर्धे बाक रिकामे! म्हणून आम्ही आयांनी ठरवलंय, तेवढ्या दिवसापुरती पोरं उसनी आणायची."

"कुठून गं?"

"नाल्यापलीकडच्या शाळेतून. माझी बहीण पाठवतेय. या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

"अगं बाई, त्यांच्याकडेही सोमवारीच मोजणी आहे!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिथल्या मोठ्या बाईंनीच. परवा घरी आल्या होत्या. म्हणाल्या, एक दिवस तुमचे दोघे आमच्या वर्गात बसू द्या."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या. नाही कसं म्हणू?"

"पुढचं कोण?" आतून हाक आली.

नंबर बाईंचाच होता. त्यांनी रुमाल नाकापर्यंत ओढला आणि मागे न बघताच त्या दोघींना हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे.