पान त्रेचाळीस आणि एक मिनिट

सेवेरिन क्रिवोग्राद, वय वर्षं एकाहत्तर पूर्ण. हे माझं नाव, हे माझं वय, आणि आता तुम्हीच निवाडा करा, की या वयाच्या माणसाला चर्चच्या पायऱ्यांसमोर, सगळ्या गावादेखत, "अरे, बंद कर ते धूड!" असं कोणी ओरडून सांगावं का? आणि ओरडणारा कोण? तर हान्झी! माझा शेजारी! ज्याला कुंपणाचा खिळा आजतागायत सरळ ठोकता आलेला नाही, तो हान्झी! मी त्याला शांतपणे म्हटलं, "एक मिनिट." आता माझं 'एक मिनिट' म्हणजे निव्वळ टाळाटाळ, असा या गावाचा ठाम समज आहे. तो निराधार आहे. एक मिनिट हा आकडा माझा नाहीच. तो गाडीच्या पुस्तकातला आहे. पान त्रेचाळीस.

तुम्हाला सांगतो, जुनं डिझेल इंजिन म्हणजे काय, हे लोकांना ठाऊकच नसतं. त्यांना वाटतं, किल्ली फिरवली की झालं... ती तुमची हल्लीची खेळणी! माझी गाडी १९६३ सालची, पाच टनांचा ट्रक, नाक गोल, दिवे बाहेर काढलेल्या डोळ्यांसारखे. तिची किल्ली पहिल्या खाचेपर्यंत न्यायची आणि थांबायचं. समोरच्या फळीवर छोट्याशा जाळीमागे एक तार असते. ती आधी काळपट दिसते, मग जांभळट, आणि मग पिकल्या चेरीसारखी लाल होते. त्याला लागतं एक मिनिट. तेवढा धीर धरला, की आत सिलिंडरांना ऊब येते आणि गाडी सुरू होते. घाई केली, तर ती खोकते, पांढरा धूर सोडते आणि दिवसभर रुसून बसते. यात माझा काय दोष? पण नाही! आमची टिल्का... टिल्का म्हणजे माझी पत्नी, चव्वेचाळीस वर्षांचा संसार... तिनं या एका मिनिटाचं अख्ख्या खोऱ्यात हसं केलं. जेवायला हाक मारली आणि मी गाडीखाली असलो, की मी म्हणायच्या आत तीच स्वयंपाकघरातून माझा आवाज काढून म्हणणार, "एक मिनिट, टिल्का, एक मिनिट!" आणि वर स्वतःच हसणार.

मी चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत वजनकाट्यावर नोकरी केली. चाळीस वर्षं ट्रक माझ्यापुढे आले, काट्यावर उभे राहिले, मी वजन लिहिलं, ते निघून गेले. एकही माझा नव्हता. निवृत्तीनंतर गिरणीच्या मागच्या अंगाला, गळ्याएवढ्या खाजऱ्या झुडपांत ही उभी दिसली. हौद्यात भूर्जाचं एक झाड उगवलेलं, बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी कोंबडीची रीतसर क्षमा मागितली आणि गाडी घरी आणली. आठ वर्षं झाली त्याला! तिचं दुरुस्तीचं पुस्तक जर्मनमध्ये, दोनशे बारा पानांचं. मला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. शब्दकोश घेतला, कंदील नव्हे पण कंदिलाइतकाच मिणमिणता दिवा घेतला, आणि तीन हिवाळ्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. आता मला जर्मनमध्ये भाकरी मागता येणार नाही, पण व्हॉल्व्हमधलं अंतर विचारा... झोपेत सांगेन.

आणि आनंद म्हणाल, तर तो कशात नाही? तिला ग्रीस देण्याच्या बावीस जागा आहेत. बावीस! दर शनिवारी मी त्या बावीसही जागांची भेट घेतो, जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, नवं पिवळं आत जातं, हात पुसायचा, पुढच्या जागी जायचं... मनाला अशी काही शांतता मिळते, की फादर लेनार्ट यांच्या प्रवचनातही मला ती मिळालेली नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, "सेवेरिनकाका, मग मला पण एक ग्रीसगन आणा." तरुण आहेत, विनोदी आहेत.

पण टिल्का आठ वर्षांत त्या गाडीत एकदाही बसली नाही. एकदाही! मी दार पुसून उघडं धरायचो, पायरीवर गोणपाट अंथरायचो. ती म्हणायची, "ज्या दिवशी ही माझ्या काही उपयोगाची होईल ना, त्या दिवशी बसेन." आता तिचा उपयोग म्हणजे काय? मधमाश्या! तिच्या बत्तीस पेट्या आहेत. आमच्याकडे लोक जुन्या ट्रकच्या हौद्यावर मधमाश्यांच्या पेट्या कपाटासारख्या एकावर एक रचतात, दर्शनी बाजू लाल-निळ्या-पिवळ्या रंगवतात आणि ट्रक फुलोऱ्यामागे नेऊन उभा करतात. तिचा डोळा माझ्या हौद्यावर! ज्या हौद्याच्या फळ्या मी पुस्तकातल्या मापाबरहुकूम लार्चच्या लाकडातून कापून घेतल्या, त्याच्यावर पेट्या! मी म्हटलं, "टिल्का, ही अस्सल गाडी आहे, हिला मूळ स्वरूपात राखणं हे कर्तव्य आहे." ती म्हणाली, "मूळ स्वरूपात ती ओझं वाहत होती. आता तूच तिला वाहतोस."

काय उत्तर देणार? मी पैज लावली. आता वाटतं, उत्तर दिलेलं परवडलं असतं. पैज अशी, की जुलैअखेर, प्रवाशांचा राखणदार संत क्रिस्तोफर याच्या रविवारी, जेव्हा फादर चर्चसमोर गावातल्या एकूण एक वाहनावर पवित्र पाणी शिंपडतात... ट्रॅक्टर, सायकली, पोरांच्या तिचाक्या, गेल्या वर्षी तर एक बाबागाडी होती... त्या दिवशी माझी गाडी स्वतःच्या चाकांवर चर्चपर्यंत जाऊन घरी परत आली, तर हौद्याचा विषय कायमचा बंद. नाही आली, तर हौदा टिल्काचा. हान्झी साक्षीदार. तो म्हणाला, "टिल्का, पेट्या रंगवायला घे."

मी तयारी कशी केली ते ऐका. टाकी गंजली होती, रिकामी करून घासली. डिझेल किती भरायचं? पुस्तकात शंभर किलोमीटरला अठरा लिटर दिलं आहे. चर्च चार किलोमीटर, परतीचे चार. म्हणजे दीड लिटर. उदारपणे पाच लिटर ओतलं. शुक्रवारी नाकाला हिरवा रंग दिला. रविवारी सकाळी किल्ली पहिल्या खाचेत... तार काळपट... जांभळट... हान्झी कुंपणावरून, "काय रे, प्रार्थना करतोस का?" मी म्हटलं, "एक मिनिट." आणि तार चेरीसारखी लाल झाली, मी किल्ली पुढे ढकलली, आणि... तुम्हाला काय सांगू! धड... धड... धडधडधडधड! काचा थरथरल्या, धुराचा एक गोळा बाहेर पडून हान्झीच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवरून तरंगत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे असेल.

टिल्का मात्र सायकलवरून पुढे निघून गेली होती!

चर्चसमोर मी रांगेत सर्वांत पुढे उभा. माझ्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे बाकीचे. फादर पाण्याचं भांडं घेऊन आले. म्हणाले, "सेवेरिनकाका, इंजिन बंद करता का? सुरू करू या." मी म्हटलं, "एक मिनिट." कारण तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये, एक मिनिट मंद चालू द्यावं. तेच पान, खालचा परिच्छेद! फादर थांबले. गाव थांबलं. मिनिट झालं. आता हिची किल्ली बंद केली म्हणून इंजिन बंद होत नाही, डिझेल किल्लीचं ऐकत नाही. त्यासाठी एक मूठ असते, ती ओढली की डिझेल तुटतं. मी मूठ ओढली. मूठ आली. पूर्णच आली! तिच्यामागून दोन हात तार आली, आणि इंजिन... धडधडधडधड... आपलं चालूच!

"अरे, बंद कर ते धूड!" हे त्या वेळचं. "एक मिनिट," म्हणत मी खिडकीतून मूठ दाखवली. हान्झी धावत आला, "नाक उघड, आत पंपाची दांडी आहे, ती हातानं दाब!" मला माहीत नाही का? पान एकसष्ट! पण नाकाला रंग शुक्रवारचा. पुस्तकात वाळायला तीन दिवस दिलेले आहेत, आणि रविवार हा दुसरा. झाकण असं चिकटलं होतं, की जणू ओतून केलेलं. "मग टॉप गिअर टाक, ब्रेक दाब आणि क्लच सोड, गुदमरून मरेल!" मी म्हटलं, "हान्झी, पान अठ्ठावन्न. सक्त मनाई आहे." तो म्हणाला, "पुस्तक लिहिणाऱ्याला बोलाव मग!"

शेवटी फादरांनी ओरडून प्रार्थना केली. "हे प्रभो, या वाहनांना..." धडधडधड "...आणि त्यांतल्या माणसांना..." धडधडधड... गायकवृंदातल्या बायका तर माझ्या इंजिनाच्या ठेक्यावर गायल्या, आणि ऑर्गनवाला नंतर म्हणाला, वीस वर्षांत इतक्या तालात कधी गायल्या नव्हत्या. मग एकेका वाहनाला पाणी, एकेकाशी दोन शब्द, मग पायऱ्यांवर वाइनचा पेला... दीड तास! दीड तास गाडी उभ्या जागी चालू, आणि मी आत बसलेलो, कारण चालू गाडी सोडून उतरू नये. पान कितवं, ते आता सांगत बसत नाही.

आणि तेव्हा पलीकडचं दार उघडलं. टिल्का! एका हातात टोपली. पायरीवर पाय, दांडीला हात, आणि बसली! माझ्या शेजारी! आठ वर्षांनी! मी म्हटलं, "गोणपाट..." ती म्हणाली, "राहू दे. बंद होत नाही ना ही? मग चल."

आता तुम्ही मला सांगा, मी काय करायला हवं होतं? घराचं वळण आलं. मी दिवा लावला वळणाचा. ती म्हणाली, "सरळ घे." मी म्हटलं, "टिल्का, घरी सूप..." रविवारचं सूप म्हणजे आमच्याकडे साडेबाराला म्हणजे साडेबाराला. ती म्हणाली, "सूप थांबेल. मला वरचं फरच्या झाडांचं रान दाखव, किती दिवसांत गेले नाही." आणि मी सरळ घेतली! पैज विसरलो, सूप विसरलो. दुसऱ्या गिअरमध्ये ती चढ अशी चढत होती... खिडकीतून डिंकाचा वास, टिल्काचा रुमाल फडफडतोय, ती ओरडून विचारतेय, "ही कसली तबकडी?" मी ओरडून सांगतोय, "हवेचा दाब!" ती ओरडतेय, "छान आहे!" छान आहे, म्हणाली ती. आठ वर्षांत पहिल्यांदा. माझ्या लक्षातच आलं नाही, की पुस्तकातला तो अठरा लिटरचा हिशेब चालत्या गाडीचा आहे. उभ्या राहिलेल्या दीड तासाचा त्यात एक शब्द नाही!

वर रानातल्या मोकळ्या जागेत पोहोचलो आणि... धड... धड... ध. बंद. काय ती शांतता! पानं हलत नव्हती. टिल्का समोरच्या फळीवर हात फिरवून म्हणाली, "बंद पडल्यावर फार सुंदर वाटते रे तुझी गाडी."

मग खाली उतरली. टोपलीतून पाव काढला, सॉसेज काढलं, आणि काय काढलं असेल? पाणसळ! गवंड्याची असते तशी! हौद्यावर ठेवली, वाकून बुडबुडा पाहिला आणि म्हणाली, "केसभरही कलती नाही. पेट्यांना असंच लागतं."

मी विचारलं, "टिल्का, तू गाडी ठरवून इथं आणलीस?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, तुझी मूठ तुटेल म्हणून? मी नुसती पेट्यांसाठी जागा बघायला निघाले होते, फरच्या गोड पाझरावर माश्या मध करतात. तिला ही जागा आवडली, त्याला मी काय करू?" आणि मग हळूच, "सेवेरिन, गाडी घरी परत आली का रे?"

नव्हती आली. शब्द म्हणजे शब्द. मंगळवारी पहाटे हान्झीनं ट्रॅक्टरनं वीस पेट्या वर आणल्या, आणि रचताना सबंध वेळ शिट्टी वाजवत होता. मी डिझेलचा डबा घेऊन गेलो होतो. तो तसाच खाली ठेवला. कारण एकदा माश्यांनी जागा ओळखली, की पेटी हातभरही सरकवायची नसते, नाहीतर त्या जुन्या जागी येऊन घिरट्या घालतात. हे माझ्या पुस्तकात नाही. तिच्या आहे.

तेव्हापासून मी रोज दुपारी वर जातो. ती पेट्या उघडते, मी बावीस जागांना ग्रीस देतो, मग दोघंही पुढच्या बैठकीवर बसून पाव खातो. गोणपाट आता लागत नाही. त्या रविवारनंतर बदललं ते एवढंच, की पूर्वी ती मला विचारायची, गाडी कधी निघणार. आता मी तिला विचारतो. आणि ती तोंडावरच्या जाळीआडून, मागे वळूनही न बघता म्हणते, "एक मिनिट."